धूळ कराचीची की कळंबोलीची?

वाळवंटी धुळीच्या लांबच्या प्रवासावरचे पेपर वाचायला घेतलेत, तर पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात येईल. बऱ्याच पेपरांत आकृत्या त्याच तीन असतात. पहिली, उपग्रहाचं चित्र: अरबी समुद्रावर पिवळट-करडा पट्टा. दुसरी, हायस्प्लिटचा नकाशा: शहरापासून निघून मागे मागे जात वाळवंटात पोचलेल्या लाल, निळ्या, हिरव्या रेषा. तिसरी, शहरातल्या पीएम१० चा आलेख, त्यात मध्येच एक सुळका. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: सदर कालावधीतील प्रदूषण हे दूरवरून आलेल्या वाळवंटी धुळीमुळे झाले.

हे वाक्य या तीन आकृत्यांमधून निघत नाही. का निघत नाही, तेवढंच आज लिहायचं आहे. असा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येणार आहे. डेटा फुकट मिळतो, सॉफ्टवेअर फुकट आहे, चार-सहा महिन्यांत पेपर होतो, आणि पीएचडीच्या मुलाखतीला दाखवायला काहीतरी हातात येतं. सराव म्हणून माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्या शेवटच्या वाक्याला.

उदाहरण आपल्याच दारातलं घेऊ. २२-२३ जानेवारी २०२२. पश्चिमी झंझावात, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स, पुढे सरकला आणि त्याच्यामागून वायव्येचे जोरदार वारे आले. कराचीत धूळ उडाली, ती सौराष्ट्रावरून आणि समुद्रावरून खाली आली, आणि २३ तारखेच्या रविवारी मुंबई, ठाणे, उत्तर कोकण, अगदी घाट ओलांडून पुण्यापर्यंत आकाश दुधाळ झालं. उभ्या गाड्यांवर पांढुरका थर बसला. पीएम१० चे आकडे चढले. मुंबईत दुपारचं तापमान जानेवारीच्या मानानं फारच खाली, २४ अंशांच्या आसपास राहिलं. रायगड किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांवर पूड बसली म्हणून घरोघरी चिडचिड झाली, पण ती कुठल्या आलेखात येत नाही.

ही धूळ बाहेरून आली होती का? हो. याबद्दल मला शंका नाही, आणि तुम्हीही उगाच शंकेखोर होऊ नका. साधा हिशोब करून बघा. कराची ते मुंबई सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आत-बाहेर अंतर आहे. वारा सेकंदाला १० मीटर धरला तर दिवसाला ८६४ किलोमीटर, म्हणजे प्रवास साधारण एका दिवसाचा. आता कण तेवढा वेळ हवेत टिकेल का? स्टोक्सचं सूत्र बारावीनंतर कुणी वापरलेलं नसतं, ते इथे काढा. वाळूच्या खनिजाची घनता धरली तर १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ०.८ सेंटीमीटर खाली येतो, दिवसाला साधारण ७०० मीटर. अडीच मायक्रॉनचा कण त्याच्या सोळावा भाग वेगानं पडतो, दिवसाला चाळीसेक मीटर. ५० मायक्रॉनचा मात्र तासाला सातशे मीटर पडतो, तो सौराष्ट्र बघायच्या आधीच समुद्रात जातो. म्हणजे दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत धूळ उचलली गेली असेल, तर पीएम१० मध्ये मोजले जाणारे कण दुसऱ्या दिवशी आपल्याकडे आरामात पोचतात. त्यात हवेतली घुसळण त्यांना वर ठेवायला मदत करते ती वेगळीच. सह्याद्री ओलांडून पुण्यात धूसर दिसलं, यावरूनही थर जाड होता हे कळतं.

तेव्हा प्रश्न ‘आली का’ हा नाहीच. ‘किती आली’ हा आहे. आणि तीन आकृत्यांमधली एकही या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

उपग्रहापासून सुरू करू. टेरा आणि अक्वावरचं मोडिस उपकरण जे मोजतं ते एओडी, म्हणजे जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या सगळ्या कणांनी मिळून प्रकाश किती अडवला त्याचं माप. तो सगळा उभा स्तंभ असतो. आपण श्वास घेतो तो त्या स्तंभाच्या तळाच्या दोन मीटरांत. धूळ तीन किलोमीटरवरून निघून गेली तरी चित्र पिवळं दिसणार, आणि खाली कपडे वाळत घालणाऱ्या माणसाला पत्ताही लागणार नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी अरबस्तानातून येणारी धूळ अशी वरच्या थरातून जाते. त्या वेळी खाली नैर्ऋत्येचा दमट वारा असतो. उंचीचा छेद बघायचा तर कॅलिप्सोचा लायडार होता, २००६ ते २०२३. पण त्याची वाट अरुंद, नेमका त्या दिवशी तो आपल्या डोक्यावरून गेला असेल हा नशिबाचा भाग. शिवाय झंझावात आला की ढग आलेच, आणि ढगाखालचं एओडी मोडिसला काढता येत नाही. ज्या दिवशी हवं त्याच दिवशी भोक.

मग लोक मेरा-२ कडे वळतात, कारण तिथे भोकं नसतात. इथे जरा थांबा. मेरा-२ हे पुनर्विश्लेषण आहे. उपग्रहाचं एओडी त्यात घेतलेलं असतं हे खरं, पण त्या एकूण एओडीपैकी धूळ किती, मीठ किती, काजळी किती, ही वाटणी मॉडेल करतं. ‘पृष्ठभागावरील धुळीचे प्रमाण’ नावाचा जो रकाना तुम्ही डाउनलोड करता, ती कुणी मोजलेली धूळ नाही. पेपरात मात्र तो ‘निरीक्षणांवरून दिसते की’ असा येतो. मुलाखतीला मी समोर बसलो तर पहिला प्रश्न हाच विचारीन: तुमच्या आलेखातली कुठली रेषा मोजलेली आहे आणि कुठली काढलेली?

आता तो बाण. हायस्प्लिट हे फार चांगलं साधन आहे, आणि फार आळशीपणे वापरलं जातं. ते सांगतं की हवेचा एक पुडका आज इथे असेल तर काल-परवा कुठे होता. त्या पुडक्यात धूळ भरली गेली का, वाटेत पडली का, पावसानं धुतली गेली का, याबद्दल साधी मागे नेलेली रेषा अवाक्षर काढत नाही. शिवाय तिची चूक. कापलेल्या अंतराच्या साधारण २० टक्के ही अशा रेषांची नेहमीची अनिश्चितता मानली जाते. हजार किलोमीटरवर दोनशे किलोमीटर. त्या रेषेचं टोक बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर टेकलंय की समुद्रावर, हे ठामपणे सांगताना जीभ जरा अडखळायला हवी.

पण माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. रेषा फक्त धुळीच्या दिवसाच्या काढतात. आजूबाजूच्या साध्या दिवसांच्या काढतच नाहीत. जानेवारीत कोकण किनाऱ्यावर वायव्येकडून हवा येणं ही काही बातमी नाही. तुम्ही अख्ख्या महिन्याच्या, रोजच्या चार वेळांच्या रेषा काढा. लख्ख निळ्या आकाशाच्या दिवसांच्या रेषाही सिंध-गुजरातकडे गेलेल्या सापडतील. मग ‘रेषा वाळवंटात गेली’ हा पुरावा कशाचा राहिला? जो पुरावा गुन्ह्याच्या दिवशीही दिसतो आणि इतर दिवशीही दिसतो, त्याच्यावर कोर्टात कुणी शिक्षा देईल का?

तिसरा तो सुळका. जोराचा वारा सुटला की वाळवंटातली धूळ येते, तशी इथलीही उडते. आणि आपल्याकडे उडायला कमी काही नाही. उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला गेला. पनवेल-उरण पट्ट्यात खाणी, क्रशर, भराव. जेएनपीएकडे जाणारे कंटेनर, कळंबोलीचा पोलाद बाजार आणि तिथली ट्रकांची रांग. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाबद्दल मी लिहायला नको, वडखळवरून गेलेल्या कुणालाही विचारा. हा सगळा माल वायव्येच्या वाऱ्याची वाटच बघत असतो. आलेखावर दोन्ही धुळी एकाच सुळक्यात बसतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही पीएम२.५ आणि पीएम१० चं गुणोत्तर बघितलं, ते खाली आलं, म्हणजे जाड कण वाढले, म्हणजे वाळवंटी धूळ. नाही हो. गुणोत्तर खाली येणं म्हणजे जाड कण वाढले, इतकंच. रस्त्यावरची धूळ, सिमेंटची गोणी झटकणं, खाणीची भुकटी, सगळ्यांचं गुणोत्तर कमीच असतं. धूर की धूळ, हे ते सांगतं. कुणाची धूळ हे सांगत नाही.

‘धुळीचं वादळ’ हा शब्दच इथे गोंधळ घालतो. १३ मे २०२४ ला मुंबईत जे आलं, ज्यात घाटकोपरचं अवाढव्य होर्डिंग पडून माणसं गेली, त्यालाही आपण धुळीचं वादळच म्हणालो. ते वळवाच्या ढगातून खाली कोसळणाऱ्या गार हवेचं काम होतं. ती हवा जमिनीवर आपटून पसरते आणि शहराचीच धूळ शहराच्या तोंडात घालते. ते थोडा वेळ टिकतं, त्यातले कण जाड असतात आणि मूळ चार-दहा किलोमीटरवर असतं. जानेवारी २०२२ ची चादर दिवसभर टिकली, वारा एकाच दिशेचा होता, आणि शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एकच रंग होता. दोन्ही दिवसांचे पीएम१० शेजारी शेजारी ठेवले तर दोन्हीकडे सुळका आहे. पेपर लिहिणाऱ्यानं हा फरक तासातासाच्या आकड्यांतून दाखवायचा असतो: बाहेरून आलेली धूळ वाऱ्याच्या दिशेतल्या केंद्रांवर क्रमानं चढते, आणि एरवी स्वच्छ असलेल्या केंद्रावरही जवळपास तितकीच चढते. हा तपास फुकटात होतो. तरी फार कमी जण करतात, कारण चोवीस तासांची सरासरी तयार मिळते.

त्या सरासरीबद्दलही दोन वाक्यं. समजा अठरा तास पीएम१० १०० आहे आणि धुळीचे सहा तास ५०० आहे. सरासरी येते २००. आपल्या एक्यूआयच्या कोष्टकात याचा उपनिर्देशांक १६७ च्या आसपास, वर्ग ‘मध्यम’. दमेकरी माणूस सहा तास ५०० मध्ये बसला होता आणि मोबाइलवर त्याला मध्यम दिसलं. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण गणित खरं आहे, करून बघा.

रसायनशास्त्र मदतीला येतं, पण तेही सरळ नाही. वाळवंटी धुळीत चुनखडीमुळे कॅल्शियम भरपूर असतं. आपली माती जांभा आणि बेसॉल्टची, तिच्यात लोह-टायटॅनियम जास्त, कॅल्शियम पावसानं धुतलेलं. म्हणून कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर चढलं की पाहुणी धूळ, असं म्हणायचा मोह होतो. पण शहरात सिमेंट आहे, आणि सिमेंट म्हणजे कॅल्शियमच. धरमतर खाडीच्या काठीही पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज आणि चुनखडी उतरते. म्हणजे नमुना कुठे घेतला यावर कॅल्शियमचा अर्थ बदलतो. पॅलिगोर्स्काइट नावाचं चिकणमातीतलं खनिज मात्र बऱ्यापैकी भरवशाचं. ते कोरड्या प्रदेशांत तयार होतं, अरबस्तानाकडच्या धुळीची खूण म्हणून अरबी समुद्राच्या तळाच्या गाळात ते शोधलं जातं, आणि दख्खनच्या बेसॉल्टची माती स्मेक्टाइट देते, हे नाही. फिल्टरवर पुरेसा नमुना जमवून क्ष-किरण विवर्तन करावं लागतं. चार महिन्यांत होणारं काम नाही, म्हणून आकृतींत दिसत नाही.

एवढं काटेकोर का व्हायचं, धूळ ती धूळ, असं कुणी म्हणेल. नोव्हेंबर २०१७ आठवा. दिल्लीतल्या त्या भयंकर आठवड्यानंतर पुण्याच्या आयआयटीएमच्या सफर प्रकल्पानं सांगितलं की ८ नोव्हेंबरला आखातातल्या धुळीच्या वादळाचा वाटा ४० टक्के आणि पिकांचे अवशेष जाळण्याचा २५ टक्के होता. सफरचं पूर्वानुमानाचं काम मोलाचं आहे, आणि वरच्या वाऱ्यांकडे लक्ष वेधणं बरोबरच होतं. पण तो ४० म्हणजे मॉडेलमधून काढलेला, एका ठरावीक दिवसाचा वाटा. लोकांच्या डोक्यात राहिलं ते असं की प्रदूषण आखातातून येतं. आता उरलेल्या ३५ टक्क्यांकडे बघा. एकूण पीएम२.५ समजा ५०० असेल, तर त्याचे ३५ टक्के १७५ होतात. आपलं दिवसाचं मानक ६० आहे. म्हणजे आखात आणि शेतकरी दोघंही सुट्टीवर असते तरी हवा मानकाच्या जवळपास तिप्पट वाईट. टक्केवारी ही फार गोड गोष्ट असते. मोठ्या आकड्याची टक्केवारी सांगितली की आकडा दिसेनासा होतो. पेपरात टक्के लिहिलेत तर शेजारी मायक्रोग्रॅम लिहाच.

दुसरी पळवाट ‘नैसर्गिक आहे’ ही. बार्सिलोनात सहारातून धूळ येते त्या दिवसांचा एक अभ्यास २००८ मध्ये आला. जाड कण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमनं वाढले तर रोजचे मृत्यू सहाराच्या दिवशी ८.४ टक्के आणि एरवी १.४ टक्के वाढतात, असा त्यांचा अंदाज. त्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे, आणि नंतरच्या सगळ्या शहरांतून सारखंच उत्तर आलेलं नाही. तरीही ‘माती आहे, काही होत नाही’ असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

आणि धुळीला केवळ खलनायक करायचीही गरज नाही. विनोज आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा नेचर जिओसायन्समधला पेपर वाचाच. पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरची धूळ सूर्यप्रकाश शोषून हवा तापवते, त्यानं भारताकडे येणारा दमट वारा बळावतो आणि आठवडाभराच्या आत मध्य भारतातला पाऊस वाढतो, असा त्यांचा दावा. पटो न पटो, पण ते काय करतात बघा: उपग्रहात संबंध दिसला म्हणून थांबत नाहीत. मॉडेलमध्ये धूळ ठेवून आणि काढून तोच प्रयोग पुन्हा करतात आणि साखळीतला प्रत्येक दुवा तपासतात. ‘धूळ नसती तर काय झालं असतं?’ हा प्रश्न आपल्या तीन आकृत्यांच्या पेपरात कुणी विचारलेलाच नसतो.

जमिनीवर हा प्रश्न विचारायची एक रीत युरोपात सरकारी मार्गदर्शक म्हणून वापरात आहे. शहरापासून लांब, वाऱ्याच्या वाटेवर एक पार्श्वभूमी केंद्र घ्यायचं. रेषा, उपग्रह आणि मॉडेल वापरून धुळीचे दिवस फक्त ओळखायचे. मग त्या केंद्रावरचं त्या दिवसाचं पीएम१० घ्यायचं, त्यातून आजूबाजूच्या तीसेक बिनधुळीच्या दिवसांचं ४० वं पर्सेंटाइल वजा करायचं. उरलं ते बाहेरच्या धुळीचं ओझं. समजा मुरूडला धुळीच्या दिवशी २२० आणि एरवीचं ७०. ओझं झालं १५०. त्या दिवशी मुंबईत ४०० असेल तर २५० शहराचेच. मानक १०० आहे. हे सगळे आकडे काल्पनिक आहेत, पण वाद कशाचा आहे ते कळावं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती पीएम१० वर जोखली जाते. वाळवंटाच्या नावावर अंदाजानं टाकलेला प्रत्येक मायक्रोग्रॅम क्रशरवाल्याच्या आणि कंत्राटदाराच्या खात्यातून वजा होतो. उलट, पाहुण्या धुळीचा हिशोबच ठेवला नाही तर खरंच रस्ते धुणाऱ्या पालिकेला फुकटचा दोष लागतो.

रीत निर्दोष नाही. पाहुणी धूळ रस्त्यावर बसते आणि तिसऱ्या दिवशी ट्रकखालून परत उडते, ती कुणाच्या नावावर लिहायची? आणि धुळीच्या दिवशी वारा जोराचा असल्यामुळे शहराचा धूर पांगलेला असतो, म्हणजे तो ‘नेहमीसारखा’ दिवस नसतोच. तरी मोजलेल्या आकड्यावर वाद घालता येतो. बाणावर येत नाही.

असं केंद्र महानगरासाठी कुठे हवं? माझ्या मते रायगड किनाऱ्यावरच. पण तिथेही एक मेख आहे, आणि ती प्रस्तावात लिहिली नाही तर समितीतला कुणीतरी नक्की पकडेल. अलिबागहून कुलाबा जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, जेमतेम तीस किलोमीटर, किंचित पश्चिमेकडे कललेला. मुरूडहूनही तीच दिशा, अंतर तेवढं दुप्पट. वारा ठीक वायव्येचा, म्हणजे ३१५ अंशांचा असेल तर हवा थेट समुद्रावरून येते. तीसेक अंश उत्तरेकडे सरकला की तुम्ही मुंबईचा धूरच मोजताय, पार्श्वभूमी म्हणून. रात्री मतलई वारे सुटले की पेण-पनवेलची धूळ किनाऱ्यावर. तेव्हा नमुना दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात घ्यायचा, दिशेच्या नोंदीसकट, आणि समुद्रमीठ सोडियमवरून वेगळं काढायचं. चाळिसाव्या पर्सेंटाइलसाठी महिनाभर अखंड नोंद लागते, त्यामुळे आधी वीज न जाणारी गच्ची शोधावी लागेल. श्रीवर्धन मुंबईपासून आणखी खाली आहे म्हणून मला जास्त सोयीचं वाटतं. पण अलिबागला हवामान खात्याची वेधशाळा आहे, वाऱ्याच्या जुन्या नोंदी आहेत. दोन्हीकडचा हिवाळ्याचा पवनालेख शेजारी ठेवून बघितल्याशिवाय यातलं एक निवडू नका.